जुनी पाटी त्याच दिवशी उतरवायची

बाजारात त्याला सगळे बॅनर म्हणत. कागदोपत्री नाव वेगळं होतं, पण अर्ज भरायची वेळ आली की त्याच्या बायकोलासुद्धा ते क्षणभर आठवावं लागायचं. दुकानात एक लांबलचक छपाईचं मशीन दिवसभर करकरत इकडून तिकडे जायचं, त्याच्या पोटातून ओला फ्लेक्स बाहेर यायचा, आणि बायको जमिनीवर मांडी घालून त्याच्या कडांना आयलेट, म्हणजे दोरी ओवायच्या कड्या, ठोकायची. शाईचा वास दोघांच्या कपड्यांत मुरलेला. बायको म्हणायची, आपण कुठं हरवलो तर शोधायला कुत्रं नको, सर्दी नसलेला कुणीही चालेल.

धंद्यात बॅनरचा एकच नियम होता. नवी पाटी चढली की जुनी त्याच दिवशी उतरवायची. कारण जुनी पत्र्याची पाटी रात्रभर राहिली की दुकानदार सकाळी समोरच्या फुटपाथवर उभा राहून दोन्हींकडे आळीपाळीनं बघतो, मान तिरकी करतो, आणि मग म्हणतो, जुनीच बरी होती का हो? ते 'का हो' ऐकायला लागू नये म्हणून बॅनर एकाच खेपेत दोन्ही कामं उरकायचा. फ्लेक्स ताणून बसवला की शिडी सरकवायची, पत्र्याचे खिळे उपटायचे आणि पाटी टेम्पोत टाकायची. मालकाला हळहळायलाही सवड द्यायची नाही.

त्या जुन्या पाट्या बहुतेक त्याच्या थोरल्या भावाच्या हातच्या होत्या.

भावाला पेंटर म्हणत. त्यानं अर्ध्या गावाची दुकानं आपल्या ब्रशनं ओळखीची केली होती. फ्लेक्स आला आणि पेंटरचं काम आटलं, तेव्हा धाकट्यानं छपाईचं मशीन घेतलं. पेंटर चिडला नाही. शिडीवर चढणं सुटलं तशी आपली शिडीही त्यानं धाकट्याला देऊन टाकली. कुणी खवचटपणे विचारलंच तर म्हणायचा, आमच्या घरात दोन्ही धंदे आहेत, पाटी चढवायची मी नि उतरवायची ह्यानं, गिऱ्हाईक जाईल कुठं? लोक हसायचे. बॅनरही हसायचा. पेंटर छातीच्या दुखण्यानं गेला त्यानंतर मात्र हा विनोद कुणी काढला की बॅनरला अचानक मशीनमधली शाई बघावीशी वाटायची.

पेंटरची बायको, म्हणजे बॅनरची वहिनी, शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. जन्मभर बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवलेली बाई. कुठली वस्तू बिननावाची राहिलेली तिला खपायची नाही. पेंटर हयात असतानाच त्याच्या पाट्या एकेक करून उतरायला लागल्या तशी सुट्टीच्या दिवशी ती त्याला घेऊन निघायची. राहिलेल्या पाट्यांचे मोबाईलवर फोटो काढायची, आणि तो सांगेल ते घरी येऊन लिहायची. अमक्या शिंप्याला कात्री हवी होती, ती काढली तर मगरीसारखी दिसायला लागली, मग तीच ठेवली आणि लोक त्याला मगरशिंपी म्हणायला लागले, असलं काहीबाही. ते सगळं ती एका ब्लॉगवर टाकायची. वाचणारे मोजके, पण गोचिडासारखे चिवट. गाव सोडून गेलेल्या दुकानदारांची पोरं तिकडून लिहायची, आमच्या बापाची पाटी आहे का? असायची. पत्रा केव्हाच भंगारात गेलेला असायचा, पण वहिनीकडे फोटो असायचा.

मोबाईल भरला, नवे फोटो निघेनात, तेव्हा वहिनी बॅनरकडे आली होती. बॅनर म्हणाला, ब्लॉगवर आहेत की सगळे, मग मोबाईलमध्ये कशाला ठेवताय? आणि त्यानंच ते पुसून दिले होते.

अशात त्या ब्लॉगच्या कंपनीची मेल आली. कंपनी ती सेवा बंद करणार होती. आपलं सामान दुसरीकडे न्या, भरपूर मुदत आहे, असं गोड शब्दांत लिहिलं होतं. वहिनी मोबाईल नाकाशी धरून दुकानात आली, कारण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता.

म्हणाली, भाऊजी, घरमालकानं जागा सोडा म्हटलंय.

बॅनर म्हणाला, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, वहिनी. हलवू की.

आणि खरोखर ते इतकं सोपं निघालं की त्याला आपल्या हुशारीचं कौतुक वाटलं. जुन्या जागी एक्स्पोर्टचं बटण होतं. ते दाबलं की सगळा ब्लॉग एका फाइलीत बांधून मिळाला. नव्या जागी खातं उघडून ती फाइल तिथं इम्पोर्ट केली. थोडा वेळ चक्र फिरलं आणि बिऱ्हाड उभं राहिलं. मजकूर, तारखा, लोकांनी खाली लिहिलेलं, फोटो, सगळं जिथल्या तिथं. वहिनीनं त्याच्या शेजारी स्टूल ओढलं आणि पडद्याला नाक लावून एकेक पान पुढं सरकवायला लावलं. एका फोटोशी ती थांबली.

तो शिडीवरचा फोटो. पेंटर शिडीवर अनवाणी उभा, इस्त्रीवाल्याची पाटी रंगवतोय. वहिनीनं मोबाईलवर खालून काढलेला, त्यामुळे दिसत होती ती पाठ, वर गेलेला हात, आणि पायरीवर चवडे टेकलेले दोन तळपाय. पेंटरचा काम करतानाचा तेवढाच एक फोटो. बाकी सगळ्या फोटोंत तो कडक इस्त्रीच्या कपड्यांत गुदमरलेला.

"हा आला ना," वहिनी म्हणाली. "बास. बाकीचं नसतं आलं तरी चाललं असतं."

ती घरी गेली. बॅनरसमोर पडद्यावर दोन्ही ब्लॉग उघडे होते, जुना आणि नवा, शेजारी शेजारी. दोन पाट्या एकाच दुकानावर. त्याला ते बघवेना. मुदत भरपूर होती, पण हाताला वळण पडलेलं. जुन्या खात्यात जाऊन त्यानं कायमचं काढून टाका हे बटण शोधलं. कंपनीनं विचारलं, नक्की? हे परत आणता येणार नाही. मग पुन्हा विचारलं, नक्की ना? त्याला त्याचं काही नवल वाटलं नाही. दुकानदारही शेवटच्या क्षणी असंच विचारायचे. नक्की, म्हणून तो शिडी चढायचा.

नक्की, म्हणून त्यानं बटण दाबलं.

वहिनीच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, पाठोपाठ दुसऱ्याचंही ठरलं. डॉक्टरांनी सांगितलं, दुसरा डोळा बरा होईपर्यंत मोबाईल नाही, वाचन नाही, पडद्याकडे बघणंच नाही. बॅनरची बायको रोज सकाळी जाऊन जाऊबाईंच्या डोळ्यांत थेंब घालायची. संध्याकाळी बॅनरनं फोनवर ब्लॉगचं एक पान वाचून दाखवायचं, असं वहिनीनं स्वतःच ठरवून टाकलं. पाटी कशी दिसतेय तेही सांगायचं, म्हणाली, मी इकडं डोळे मिटून बघीन.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. बॅनर समोर बघून वाचायचा, सांगायचा. मग शनिवार आला. फ्लेक्सच्या अगडबंब फायलींनी कॉम्प्युटर तुंबायचा, म्हणून दर शनिवारी तो झाडून-पुसून साफ करायचा. तसा केला, हात धुतले, ब्लॉग उघडला आणि फोन लावला. वहिनी म्हणाली, आज शिडीवरचा सांगा.

बॅनरनं पान उघडलं. मजकूर होता. मजकुराच्या वर फोटोच्या जागी एक रिकामी चौकट होती, कोपऱ्यात फाटक्या कागदाचं बारकं चित्र. त्यानं दुसरं पान उघडलं. चौकट. तिसरं. चौकट.

"दिसतोय ना?" वहिनीनं विचारलं.

"दिसतोय की."

"सांगा ना मग."

"दादा शिडीवर आहे," बॅनर म्हणाला. "चांगला हसतोय."

"हसतोय?" वहिनीच हसायला लागली. "अहो, तोंड कुठंय त्यात, पाठ आहे. माझं ऑपरेशन झालं, पण चष्मा तुम्हालाच लागलाय वाटतं."

पाठच, पाठच, म्हणत बॅनरनं मजकूर भराभर वाचून संपवला आणि फोन ठेवला. बायकोनं आयलेटवरची हातोडी थांबवून वर बघितलं. मग उठून आली आणि पडद्यावरची रिकामी चौकट तिनंही बघितली.

कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या बाई त्याच्या जुन्या गिऱ्हाईक होत्या. सोमवारी क्लास उघडताच तो तिथं जाऊन उभा राहिला. बाईंनी सगळं ऐकलं, फाइल उघडून बघितली आणि समजावून सांगितलं. फाइलीत मजकूर होता, पण फोटो नव्हते, नुसते फोटोंचे पत्ते होते. नवा ब्लॉग त्या पत्त्यावर जाऊन, म्हणजे जुन्या ब्लॉगमधूनच, फोटो आणून दाखवत होता.

"सामान हललंच नव्हतं तुमचं," बाई म्हणाल्या. "नव्या घराच्या खिडकीतून जुन्या घरातलं सामान दिसत होतं. तुम्ही जुनं घर पाडलंत."

"पण पाडल्यावरही दिसत होते ना. मी रोज बघत होतो."

"त्या तुमच्या कॉम्प्युटरनं स्वतःजवळ ठेवलेल्या प्रती. त्यातून काढता आले असते."

"मग काढा."

"शनिवारी तुम्हीच साफ केला म्हणालात ना?"

बॅनर खुर्चीत बसला. बाईंनी कंपनीला मेल लिहून दिली, आणखी कुठं प्रत राहिलीय का तेही शोधलं. मजकूर एकदोन ठिकाणी मिळाला, फोटो कुठंच नाही. कंपनीचं उत्तर लगेच आलं, इतकं लगेच की ते माणसानं लिहिलेलं नाही हे कळत होतं. काढलेलं खातं परत आणता येत नाही, तसं आपल्याला दोनदा विचारलं होतं. बैल गेला नि झोपा केला, म्हणत बॅनर क्लासचा जिना उतरला. पण त्याला तो झोपासुद्धा जमला नव्हता.

सांगून टाकायचं, असं तो रोज सकाळी ठरवायचा. संध्याकाळी फोन यायचा, वहिनी म्हणायची, आजची पाटी सांगा, आणि तो खाली मजकूर वाचून वर मनानंच पाटी रंगवायचा. खाई त्याला खवखवे. वहिनी साधं काही विचारायची, बॉर्डर केवढी आहे हो, आणि त्याला वाटायचं आता धरलं. सगळ्यात वाईट म्हणजे त्याला काही आठवतच नव्हतं. ज्या पाट्या त्यानं स्वतः खिळे उपटून उतरवल्या, खांद्यावर घेतल्या, त्यांचा रंग त्याला आठवत नव्हता. किती जड होत्या ते आठवत होतं.

इस्त्रीवाल्याच्या पाटीवर तो अडकला. अक्षरं लाल, म्हणाला. वहिनी म्हणाली, लाल नव्हती हो, नीट बघा. उजेड कमी आहे, असं काहीतरी पुटपुटून त्यानं वेळ मारून नेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो इस्त्रीवाल्याकडं गेला. पाटीचं काय झालं, विचारलं. इस्त्रीवाल्यानं इस्त्री उभी केली आणि त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं.

"काय बॅनर, उतरवलेली पुन्हा चढवायला आलास की काय? फ्लेक्सचा कंटाळा आला?"

आहे का तेवढं सांग, बॅनर म्हणाला. मग इस्त्रीवाल्यानं टेबलावरचं घोंगडं बाजूला केलं. टेम्पोत टाकू दिली नव्हती त्यानं ती. पत्रा चांगला जाड आहे म्हणून ठेवून घेतली होती, आणि लाकडावर ठोकून वर घोंगडं अंथरून इतकी वर्षं तिच्यावर कपडे इस्त्री करत होता. वाफेनं रंग पापुद्र्यासारखा उठला होता, एका ठिकाणी इस्त्रीचा त्रिकोणी डाग. पण अक्षरं होती. निळी. निळ्याच्या खाली पांढऱ्याची बारीक कडा, केसाएवढी, इकडून तिकडे कुठंही न तुटलेली.

बॅनर वाकला. आपल्या मशीनला अशी कडा एका बटणावर काढता येते, हे त्याला माहीत होतं. ही हातानं काढलेली होती, शिडीवर उभं राहून. आणि त्या दिवशी खाली शिडी धरून तो स्वतः उभा होता. मान वर करून एकदाही बघितलं नव्हतं त्यानं. ऊन डोळ्यांत जात होतं आणि जेवायला उशीर होत होता, एवढंच आठवलं.

त्यानं मोबाईलवर फोटो काढला. संध्याकाळी वहिनीला निळा सांगितला, कडा सांगितली. वहिनीनं कडा पुन्हा एकदा सांगायला लावली. मग म्हणाली, आज बघून सांगितलंत बघा. फोन ठेवल्यावर बॅनरला जेवण गेलं नाही.

त्यानंतर तो रोज दुपारी मशीन बायकोवर सोपवून पाट्या हुडकत फिरायला लागला. न्हाव्याची पाटी गच्चीवरच्या टाकीचं झाकण झाली होती. सायकलवाल्याची त्याच्या मेव्हण्याच्या खुराड्याची भिंत. तिच्यावरच्या सायकलीच्या चाकाला कोंबडीनं चोच मारून मारून आऱ्या उडवल्या होत्या. मेव्हणा म्हणाला, घेऊन जा, पण कोंबड्यांची सोय करून दे. मगरशिंप्याची कात्री एका पडक्या खिडकीत अर्धीच सापडली, नेमकी जबड्याची बाजू. जितक्या मिळाल्या त्या हाताच्या बोटांवर मावल्या. बाकीच्या त्यानं स्वतः भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवल्या होत्या, त्यांचा माग काढायला दुसऱ्या कुणाकडं जायची गरज नव्हती.

आणि शिडीवरचा फोटो तर कुठल्याच खुराड्यात मिळणार नव्हता.

डॉक्टरांनी वहिनीला सांगितलं, आता उद्यापासून बघायला हरकत नाही. ही बातमी बायकोनं दुकानात आल्या आल्या सांगितली. मग हातोडी उचलली, एक आयलेट ठोकलं, आणि हातोडी खाली ठेवली.

"मी रोज सकाळी त्यांच्या डोळ्यांत थेंब घालते," ती म्हणाली. "त्या डोळे मिटून मला सांगतात, भाऊजी किती छान सांगतात गं, मला सगळं दिसतं. माझा हात थरथरतो अहो. थेंब गालावर पडतो. पाप तुमचं आणि हात का थरथरावा माझा?"

"सांगतो."

"आज सांगा. उद्या त्यांना स्वतःला दिसायच्या आत."

तो चालत गेला. वहिनी काळा चष्मा लावून खिडकीशी बसली होती. बॅनर उभाच राहिला आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. जुनं खातं, बटण, शनिवारची सफाई, चौकटी. मध्ये थांबला असता तर पुढं बोलता आलं नसतं, म्हणून थांबला नाही. वहिनी ऐकत होती. चष्म्यामुळे तिचं तोंड कळत नव्हतं.

"सगळे?" तिनं विचारलं.

"सगळे."

"शिडीवरचा?"

"तोही."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती सुरू होईना. वहिनीनं खिडकीचं दार ओढून घेतलं.

"मग रोज मला सांगत होतात ते काय?"

"इस्त्रीवाल्याची खरी होती. न्हाव्याची, सायकलवाल्याची, शिंप्याची अर्धी. आणखी थोड्या. बाकीचं मनानं सांगितलं."

"मी डोळे मिटून बघत होते, भाऊजी."

तिनं आवाज चढवला असता तर बॅनरला बरं वाटलं असतं. त्यानं मोबाईल पुढं केला. सापडल्या त्या पाट्यांचे फोटो काढलेत, म्हणाला, त्या त्या चौकटीत बसवून देतो. डॉक्टरांच्या परवानगीला अजून एक दिवस होता, तरी वहिनीनं चष्मा काढला. डोळे लाल होते, पण स्वच्छ. बऱ्याच वर्षांत पहिल्यांदाच ती मोबाईल नाकापासून लांब धरून बघत होती. घोंगड्याखालची पाटी, त्रिकोणी डाग, टाकीचं झाकण, कोंबडीची विष्ठा. तिनं एकेक बघून मोबाईल परत दिला.

"त्या जागी ह्या लावू नका," ती म्हणाली. "तिथं जे होतं ते गेलं. रिकामंच राहू दे. ह्यांचं वेगळं लिहायचं. तुम्ही लिहा."

"मला कुठं लिहिता येतंय, वहिनी."

"पाटी चढली कशी ते मी लिहिलं. उतरली कशी, ते तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही. इतकी वर्षं तेवढंच लिहिलं नाही मी. एकदा लिहायला घेतलं होतं, तर तुमचे दादा म्हणाले, खोड ते. धाकट्याचं पोट आहे त्यावर."

बॅनर खाली बसला. आज आल्यापासून पहिल्यांदाच.

माफ केलं, असं वहिनी म्हणाली नाही, आणि त्यालाही विचारायचा धीर झाला नाही. तिनं चष्मा पुन्हा लावला. तो जायला निघाला तेव्हा तोंड खिडकीकडेच ठेवून म्हणाली, "त्या फोटोत खाली कोपऱ्यात दोन मुठी होत्या. शिडी धरलेल्या. बघितल्या होत्यात कधी?"

त्यानं बघितल्या नव्हत्या. त्या दिवशी दुकानात ती शेजारी बसली होती तेव्हाही नाही. तो तळपाय बघत होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं मशीन बंद ठेवलं. दुकानात आवाज नाही म्हणून शेजारचे दोघं डोकावून गेले, कुणी आजारी आहे का विचारून. बायकोनं त्यांना वाटेला लावलं. बॅनर एका बोटानं टाइप करत होता. दुसऱ्यांच्या पाट्यांचा मजकूर टाइप करताना त्याची दहाही बोटं चालायची. इस्त्रीवाल्याच्या पाटीचा फोटो त्यानं फाइल म्हणून नव्या ब्लॉगवरच चढवला, आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर, मग बायकोच्या मोबाईलवर उघडून बघितला. खाली लिहायला बसला तो दिवस मावळतीला लागेपर्यंत. शिडीपाशी येऊन थांबायचा, खोडायचा, पुन्हा तिथंच यायचा. ती भिंतीला टेकून उभी होती, पायऱ्यांवर दादाच्या रंगाचे ओघळ आणि त्याच्या स्वतःच्या शाईचे डाग घेऊन.

संध्याकाळी फोन आला. वहिनीला आता स्वतः वाचता येत होतं, डॉक्टरांनी परवानगी दिली होती. तरी ती म्हणाली, आजची पाटी सांगा.

"तुम्हीच बघा ना, वहिनी. चढवलंय."

"नाही. तुम्ही वाचा."

बायकोनं आयलेटचा डबा बाजूला सरकवला. बॅनरनं खुर्ची पुढं ओढली.

"ही पाटी मी उतरवली," तो वाचायला लागला. "शिडी दादाचीच होती."